मुंबई भरली म्हणजे नेमकं काय झालं?

९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन भरगच्च लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या. दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासली, तोल गेला, आणि रुळांवर पडलेल्यांपैकी काही जण घरी परतलेच नाहीत. मी डोंबिवलीचा. रोज त्याच मार्गाने जातो, त्यामुळे त्या संध्याकाळी टीव्हीपुढून उठवेना. चर्चेत दोन बाजू होत्या. एक म्हणत होती, मुंबईत आता मुंगीला शिरायला जागा नाही, बाहेरचे लोंढे थांबवा. दुसरी म्हणत होती, मुंबई अख्ख्या देशाला पोसते, देश तिला काय देतो? तासभर आवाज चढत गेले. पण त्या डब्याच्या दारात लटकणारी माणसं राहतात कुठे, हे दोन्हीकडच्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. ती मुंबईत राहत असती तर मुंब्र्यात कशाला लटकली असती?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मुंबईत माणसं जास्त झाली हे तिचं दुखणं नाही. काम जिथे आहे तिथे काम करणाऱ्याला राहता येत नाही, हे आहे. ही फारकत आपोआप झालेली नाही. गेल्या पाऊणशे वर्षांत कायदे करून, नियम बदलून, जमिनींची उलटापालट करून ती घडवली गेली. लोंढे थांबवायला निघालेल्यांचा उपाय म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आणि मुंबईला सोन्याची कोंबडी म्हणणारे ती कोंबडी रात्री झोपते कुठे, याची चौकशी करत नाहीत.

शिरगणतीपासून सुरुवात करू. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा जो भाग, म्हणजे मुंबई शहर जिल्हा, त्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३.३८ लाख होती. २०११ मध्ये ती ३०.८५ लाख भरली. दहा वर्षांत अडीच लाख माणसं कमी! उपनगर जिल्हा वाढला, पण ८६.४ लाखांवरून ९३.६ लाखांपर्यंतच. दोन्ही मिळून बृहन्मुंबई अख्ख्या दशकात जेमतेम चार टक्क्यांनी वाढली. १९५१ ते १९६१ या दशकात हीच मुंबई ३९ टक्क्यांनी वाढली होती, आणि त्या मुंबईच्या आठवणी काढून आपली वडीलधारी मंडळी आजही हळवी होतात. २००१ ते २०११ मध्ये जुना ठाणे जिल्हा मात्र ३६ टक्क्यांनी फुगून १ कोटी १० लाखांवर गेला आणि देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. मग लोंढा मुंबईत आला म्हणायचं, की मुंबईतून बाहेर पडला?

यावर लगेच हरकत येईल की हे आकडे जुने आहेत. आहेतच. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आणखी एक हरकत त्याहून वजनदार आहे: झोपडपट्टीत, कारखान्याच्या माळ्यावर, बांधकामावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहणारी माणसं मोजणीतून निसटतात. मान्य. पण निसटणारे २००१ मध्येही निसटतच होते. त्याने दिशा उलटी होत नाही. आणि आकड्यांवर विश्वास नसेल तर सकाळी सव्वाआठला कल्याण, विरार किंवा पनवेलच्या फलाटावर उभं राहून पाहावं. माणसं कुठे राहायला गेली आणि काम कुठे राहिलं, हे तिथे कोष्टकाशिवाय कळतं.

आता माणसं कमी झाली तर शहराचं भलं होईल, या समजुतीकडे येऊ. मुंबईने हा प्रयोग इच्छा नसताना दोन-तीनदा करून पाहिला आहे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बॅक बे उपसागरात भराव टाकणाऱ्या कंपनीच्या शेअरसाठी माणसं वेडी झाली. १८६४ च्या मोजणीत शहरात ८ लाख १६ हजार माणसं होती. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. १८७२ च्या शिरगणतीत मुंबई ६ लाख ४४ हजारांवर आली होती. गर्दी कमी झाली खरी, पण तिला कोणी सुटका म्हटलं नाही. पुढे १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला आणि काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून पळाले. गिरण्यांना हात मिळेनात. नाक्यानाक्यावर कामगारांसाठी बोली लागू लागली. काल ज्याला जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, शिव्या घालून हाकलत होता त्याला रोजच्या रोज रोख मजुरी देऊन ओढून नेऊ लागले. २०२० च्या उन्हाळ्यात आपण तेच पुन्हा पाहिलं. एप्रिल-मे महिन्यांत माणसं चालत गावाकडे निघाली तेव्हा 'गेले ते बरं झालं' म्हणणारे माझ्या ओळखीत होते. दिवाळी यायच्या आत त्यांच्याच सोसायटीचं रंगकाम कामगाराविना अडलं होतं.

दूरचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतलं डेट्रॉइट आहे. १९५० मध्ये तिथे साडेअठरा लाख लोक राहत होते, २०२० मध्ये ६ लाख ३९ हजार. आज तिथे रस्ते मोकळे आहेत, घरं स्वस्त आहेत, पार्किंगला जागाच जागा आहे. आपल्याला ते हवं आहे का? शहरात माणसं येतात कारण तिथे काम असतं, आणि काम असतं कारण तिथे माणसं असतात. एक ठेवून दुसरं काढता येईल असं समजणं म्हणजे पाणी नको पण विहीर हवी म्हणण्यासारखं आहे.

माझे आजोबा संगमेश्वरकडून आले, परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणण्याच्या खात्यात, लागले. लालबागच्या चाळीत गाववाल्यांच्या खोलीत पंधरा जण पाळीपाळीने झोपायचे. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरायची. त्यांनी कोणाची तरी नोकरी 'बळकावली' असं त्या काळीही म्हणता आलं असतं. पण त्या पंधरा जणांच्या जेवणावर एका खाणावळवाल्या बाईचं घर चालत होतं. तिच्या जिवावर कोपऱ्यावरचा किराणावाला, गिरणवाला, कोळशाची वखार. महिन्याच्या महिन्याला कोकणात जाणाऱ्या मनीऑर्डरीवर तिकडचं अख्खं गाव. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशाच खाणावळवाल्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. बँकांना दिसत नव्हता तो हा धंदा, पण तो होता, आणि तो माणसांच्या गर्दीतूनच जन्मला होता. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईतल्या दर पाचांतले चार जण शहराबाहेर जन्मलेले होते. बाहेरून आलेल्यांची मुंबई ही आजची तक्रार नाही, मुंबईची घडणच तशी आहे. फरक इतकाच की तेव्हाच्या लोंढ्यात आपण होतो.

हे म्हटलं की मराठी माणसाच्या वर्मावर बोट पडतं, म्हणून इथे जरा थांबतो. मुंबईतलं मराठी माणसाचं प्रमाण घटतं आहे, ही भीती खोटी नाही. २००१ मध्ये बृहन्मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे ४५.२३ लाख होते, २०११ मध्ये ४४.०४ लाख. त्याच काळात हिंदी सांगणारे २५.८८ लाखांवरून ३५.९८ लाखांवर गेले. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी गोळ्या झेलल्या, त्यांच्या नातवंडांना हे आकडे टोचणारच, आणि 'तुम्ही संकुचित आहात' असं म्हणून ती टोचणी झटकणाऱ्यांचा मला राग येतो. पण आकडे नीट वाचा. मराठी माणसं नुसत्या टक्केवारीत मागे पडली नाहीत, प्रत्यक्ष संख्येनेच कमी झाली. कोणी नवीन आला म्हणून माझ्या वडिलांनी लालबाग सोडलं नाही. चाळीच्या खोलीत दोन भावांचे संसार मावेनात, आसपास भाड्याने घर मिळेना, विकत घेणं स्वप्नातही नव्हतं, म्हणून १९८८ मध्ये त्यांनी डोंबिवलीत ब्लॉक घेतला. त्यांना बाहेर काढलं ते घराच्या भावाने. आणि परवडणारं घर नाही म्हणून जो मराठी माणूस दादर-परळमधून उठला, त्याला परत आणायचा एकच मार्ग आहे: परवडणारं घर. टॅक्सीवाल्याला चोप देऊन कोणाला लालबागमध्ये खोली मिळाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

माणसं अडवण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असंही नाही. जकार्ताचे गव्हर्नर अली सादिकिन यांनी १९७० मध्ये शहर 'बंद' असल्याचं जाहीर केलं. नव्याने येणाऱ्याने कामाचा आणि घराचा पुरावा द्यायचा, नाहीतर परत जायचं. १९७१ मध्ये पंचेचाळीस लाखांच्या आसपास असलेलं जकार्ता १९८० मध्ये पासष्ट लाखांच्या घरात पोचलं. बंदी होती, फक्त तिच्यामुळे गरीब माणसाला कागदासाठी लाच द्यावी लागली. आपल्याकडे १९८१ च्या ऐन पावसाळ्यात अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना पदपथांवरच्या झोपड्या मोडून माणसांना बसमध्ये घालून शहराबाहेर नेऊन सोडलं. ती परत आली. का नाही येणार? काम इथेच होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात न्यायालयाने जे मान्य केलं ते पदपथावरच्या कुठल्याही बाईला आधीच ठाऊक होतं: माणूस फुटपाथवर राहतो तो हौसेने नव्हे, पोटाची जागा जवळ असते म्हणून, आणि उपजीविका हिरावली तर जगण्याचा हक्कच हिरावला जातो. झोपडी अमुक तारखेच्या आधीची असेल तरच ती पात्र, त्या कट-ऑफ तारखेची गंमत तर सगळ्यांना माहीत आहे. १९८५ झालं, १९९५ झालं, २००० झालं, पुढे पैसे भरून २०११ पर्यंतचेही पात्र झाले. दर वेळी ही शेवटची तारीख होती.

आता दुसऱ्या बाजूकडे, कारण तीही काही फार शहाणपणाने भांडत नाही. 'देशाच्या करात मुंबईचा एवढा मोठा वाटा, मग मुंबईला तेवढा निधी का नाही?' हे वाक्य प्रत्येक निवडणुकीत कोणी ना कोणी टाळ्या घेऊन जातो. पण कंपनीचा प्राप्तिकर मुख्यालय जिथे असतं तिथे भरला जातो. टाटा स्टीलची भट्टी जमशेदपूरला धगधगते, कर मुंबईतल्या बॉम्बे हाऊस या मुख्यालयाच्या पत्त्यावर दिसतो. रिलायन्सचा तेलशुद्धीकरण कारखाना जामनगरला, कार्यालय नरीमन पॉइंटला. स्टेट बँकेच्या खेडोपाडीच्या शाखांची कमाई मुंबईच्या खात्यात मोजली जाते. झारखंडच्या खाणमजुराने उद्या विचारलं, 'तुम्ही आम्हाला पोसता की आम्ही तुम्हाला?' तर उत्तर काय आहे? शिवाय मुंबईकडे पैसा नाही हे तितकंसं खरं नाही. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ एवढ्या मोठ्या तिजोरीवर प्रशासक बसला होता. पैसा कमी म्हणून ओरडणारे, तो कोणाला विचारून खर्च होतो याबद्दल त्या काळात फार कुजबुजलेही नाहीत. शिवाय २०१७ मध्ये जकात गेली, तशी पालिकेच्या उत्पन्नात बांधकाम-परवान्यांची, ठरल्यापेक्षा जास्त बांधकाम करू देण्यासाठी घेतलेल्या अधिमूल्याची मातब्बरी वाढत गेली. म्हणजे जागा जितकी महाग, तितकी पालिका श्रीमंत. मग घरं स्वस्त व्हावीत अशी कळकळ तिला कुठून येणार?

फारकत घडवली गेली असं मी वर म्हटलं, त्याचा हिशेब द्यायला हवा. एकेकाळी मुंबईत कामगार भाड्याने राहायचा, विकत नाही. गिरणीमालकांनी चाळी बांधल्या, प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टने बांधल्या, १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला बीडीडीच्या, म्हणजे सरकारी विकास विभागाच्या, २०७ चाळी उभ्या केल्या. खोल्या अंधाऱ्या होत्या, संडास सामायिक होते, त्यांचं गुणगान मला करायचं नाही. पण ती कामाच्या चालत्या अंतरावरची घरं होती. मग १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली गेली. युद्धकाळातल्या महागाईत भाडेकरूला वाचवणं गरजेचं होतं, यात शंका नाही. माझ्या आजोबांची खोली त्याच कायद्याने टिकली, हेही कबूल करतो. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा अर्धशतक मुदतवाढ घेत राहिला. भाड्याने द्यायला नवीन घर बांधण्यात कोणालाच अर्थ उरला नाही, जुन्याची डागडुजी करण्यातही नाही. पागडीचा, म्हणजे खोलीचा ताबा देताना घेतलेल्या बेहिशेबी रकमेचा, काळा व्यवहार आला, चाळी पावसाळ्यात कोसळू लागल्या, आणि नव्याने येणाऱ्यापुढे दोनच पर्याय उरले: विकत घे, नाहीतर झोपडी टाक. १९७६ च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याने गरिबांसाठी जमीन मोकळी व्हायची होती. ती बरीचशी कोर्टकज्ज्यांत आणि सवलतीच्या फायलींत अडकली. २००७ मध्ये महाराष्ट्राने तो कायदाच मोडीत काढला.

आणि गिरण्यांची जमीन! १८ जानेवारी १९८२ ला कामगारनेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांतले अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी संपलाच नाही असं अजूनही म्हणतात. गिरण्या बंद पडल्यावर शहराच्या ऐन मध्यावर सुमारे ६०० एकर जमीन रिकामी व्हायची होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम होता: ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला घरांसाठी, उरलेली मालकाला. अशी संधी मुंबईला पुन्हा मिळणार नव्हती. २००१ मध्ये नियमात एक दुरुस्ती झाली: वाटणी सगळ्या जमिनीची नव्हे, फक्त आधीच मोकळ्या असलेल्या तुकड्यांची. गिरणीच्या आवारात मोकळं असतं किती? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ही दुरुस्ती टिकली. तिथे आज मॉल, टॉवर आणि काचेची ऑफिसं आहेत. जुलै २०२५ मध्ये गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले होते, तेव्हा त्यांचा एक रोष असा होता की त्यांना शेलू-वांगणीला घरं देऊ केली जात आहेत. परळला हयात घालवलेल्या माणसाला कर्जत लाइनवर घर! 'लोंढे' म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर तो मोर्चा पुरेसा होता. लोंढा तयार कसा करतात, तेच तिथे दिसत होतं.

'मग शहराबाहेर दुसरं शहर वसवा' हा उपाय ऐकायला बरा वाटतो, आणि तो चुकीचाही नव्हता. मुंबईच्या वाढीचा विचार करणारा १९५८ चा बर्वे अभ्यासगट, त्यानंतर धनंजयराव गाडगीळ यांची समिती, दोघांनीही खाडीपलीकडे जाण्याची दिशा दाखवली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी नव्या शहराची कल्पना मांडली, ते वसवायला १९७० मध्ये सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. कल्पनेचा गाभा एवढाच होता की कचेऱ्या तिकडे न्या, मग माणसं आपोआप जातील. सरकारने काय केलं? एका हाताने नवी मुंबई आखली, दुसऱ्या हाताने त्याच काळात बॅक बेमध्ये भराव टाकून नरीमन पॉइंटला मनोरे उभे केले. मंत्रालय हललं नाही. उलट १९८१ मध्ये नवीन विधान भवनही तिथेच, बेटाच्या पार दक्षिण टोकाला बांधलं. मुख्य माणूस हलेना आणि कारकुनाला म्हणायचं तू वाशीला जा! त्या नव्या शहरासाठी ९५ गावांतल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांनी मिठागरं आणि भातशेती दिली. १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या जासईच्या आंदोलनात पाच जणांचा जीव गेला, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व पदरात पडलं. नवी मुंबई आज भरली आहे, पण मुंबईचा भार त्यामुळे हलका झाला असं पनवेल लोकलमध्ये उभा राहिलेला माणूस म्हणणार नाही.

या बाबतीत लंडनचा अनुभव वाचण्यासारखा आहे. १९३९ मध्ये तिथे ८६ लाख लोक होते. युद्धानंतर सरकारने ठरवून माणसं बाहेर वसवली, भोवती हरित पट्टा राखला, १९६३ मध्ये तर कचेऱ्यांनी लंडन सोडावं म्हणून त्यांचं मन वळवणारं एक स्वतंत्र कार्यालयच काढलं. १९८० च्या दशकात लंडन ६८ लाखांवर आलं. तोवर आतली वस्ती भकास होऊ लागली होती, आणि सरकारची भाषा बदलून अंतर्भाग पुन्हा जिवंत करण्याची झाली होती. पण लंडनने निदान माणसं आणि काम दोन्ही हलवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. आपण माणसं हलवली आणि कामाला तिथेच आणखी जागा करून दिली.

विरोधी बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा मी शेवटाकडे ठेवला, कारण त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तो आहे पाण्याचा. तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात तलावांतून मुंबई रोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी उचलते. साठ्याचा जवळपास निम्मा भाग एकट्या भातसाचा. भातसा, तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत तिथल्या आदिवासी पाड्यांवर मार्च उजाडला की टँकरची वाट पाहावी लागते. धरणाची भिंत दिसते, हंड्यात पाणी नाही. हा अन्याय आहे आणि मुंबईकराच्या नळाला तो वास येत नाही. पण मुंबईची वाढ थांबवली तर तो दूर होतो का? मुंबईतून ढकललेला माणूस बदलापूर, अंबरनाथ, वसईत जातो, तिथेही पाणी पितो, आणि ते त्याच सह्याद्रीच्या कुशीतून येतं. दाट शहरात नळ, गटार, बस सगळंच माणशी कमी खर्चात पोचतं. पसरलेल्या शहरात ते तुटतं. आधी जलवाहिन्यांची गळती आणि चोरी बंद करणं, सांडपाणी शुद्ध करून वापरणं, आणि ज्या तालुक्याचं पाणी नेलं त्याचा हिस्सा आधी बाजूला काढणं, हे मुंबईने करायला हवं. मग माणसं मोजावीत. तोपर्यंत शहापूरच्या बाईला 'मुंबईत माणसं कमी झाली की तुला पाणी मिळेल' असं सांगणं ही थट्टा आहे.

महापुराचंही तेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दुसऱ्याच दिवसापासून मिठी नदीकाठच्या झोपड्यांवर बोट रोखलं गेलं. मिठीच्या मुखाशी दलदलीवर भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं, त्याकडे वळलेली बोटं मोजकीच होती.

मग करायचं काय, असं विचाराल तर माझी मागणी साधी आहे, आणि ती कोणाच्याच घोषणेत बसत नाही. भाड्याची घरं हवीत, सरकारी आणि खासगी, कामाच्या जवळ, एका पगारात परवडतील अशी. मोफत घरांचं आश्वासन १९९५ पासून ऐकतो आहे. चाळीस लाख झोपडीवासीयांना घरं द्यायची होती, त्याच्या जवळपासही कोणी पोचलं नाही, कारण प्रत्येक मोफत घरामागे एक महाग घर विकलं जायला हवं असं ते गणित होतं. दुसरीकडे २०१७-१८ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीने नोंदवलं की मुंबईत ४ लाख ८० हजार घरं रिकामी आहेत, देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. माणूस मावत नाही म्हणतात त्या शहरात! रिकाम्या घरावर जबर कर का बसू नये? पूर्व किनाऱ्यावर बंदर प्राधिकरणाची १,८०० एकरांच्या आसपास जमीन आहे; गिरण्यांच्या वेळी जे हातचं घालवलं ते तिथे पुन्हा घालवायचं का? नीती आयोगाच्या आराखड्यात मुंबई महानगर प्रदेशाची अर्थव्यवस्था १४० अब्ज डॉलरवरून २०३० पर्यंत ३०० अब्ज डॉलरवर न्यायची आहे. दुप्पट काम करायला माणसं लागतीलच. ती सकाळी कुठून निघणार, कुठल्या गाडीने येणार, याचं उत्तर जोवर 'आणखी एक मार्गिका' एवढंच आहे, तोवर तो आराखडा मला अर्धवट वाटतो.

माझं ऑफिस लोअर परळला आहे. इमारतीच्या आवारात जुन्या गिरणीचं एक धुराडं शोभेला ठेवलं आहे, त्याला रात्री खालून दिवे सोडतात. आजोबांच्या गिरणीचं ते नव्हे, पण तसंच. ते लालबागहून दहा मिनिटांत चालत भोंग्याला पोचायचे. मी डोंबिवलीहून फास्टने दादर, तिथून स्लोने करी रोड, दार ते दार पावणेदोन तास. २०११ च्या जनगणनेच्या फॉर्मवर एक रकाना होता: राहत्या घरापासून कामाचं ठिकाण किती किलोमीटर, आणि जाता कशाने. आता २०२७ च्या मोजणीला प्रगणक आमच्या दारात येईल, तेव्हा मला ठाण्यात मोजलं जाईल आणि माझ्या कामाची कमाई मुंबईच्या नावावर लागेल. तो रकाना या वेळीही फॉर्मवर असेल तर मी आकडा मोठ्या अक्षरात लिहायला सांगणार आहे.